भारतात सुट्टीवर असताना अमेरिकेतला व्हॉइसमेल कसा ऐकायचा

अमेरिकेतलं डॉक्टरांचं ऑफिस, मुलांची शाळा, फार्मसी, विमा कंपनी, घरमालक, इमिग्रेशनचा वकील या सगळ्यांची एक सवय सारखीच असते. फोन उचलला गेला नाही की व्हॉइसमेलवर निरोप ठेवायचा. त्यांच्या लेखी तेवढ्यावर काम झालं. पुन्हा फोन येईलच याची खात्री नाही. भारतात ही पद्धत कधी रुजलीच नाही. इथे मिस्ड कॉल हाच निरोप, आणि त्यातूनही नाही जमलं तर व्हॉट्सॲप आहेच. त्यामुळे तीन-चार आठवड्यांसाठी पुण्याला किंवा सांगलीला आलेला माणूस व्हॉइसमेल साफ विसरतो. तिकडे तपासणीचा रिपोर्ट आल्याचा, विम्याने औषध नाकारल्याचा किंवा घराच्या तळघरात पाणी शिरल्याचा निरोप पडून राहतो.

परदेशातून व्हॉइसमेल ऐकणं मुळीच अवघड नाही. फक्त त्याची बहुतेक तयारी विमानात बसण्याआधी करावी लागते. व्हॉइसमेल उघडायचा पिन माहीत नाही हे इथे पोचल्यावर लक्षात आलं तर तो बदलायला फोन कंपनीची मदत लागते. कंपनी ओळख पटवायला कोड पाठवते तो त्याच अमेरिकन नंबरवर, आणि त्या नंबरचं सिम तुम्ही काढून पाकिटात ठेवलेलं असतं. म्हणून हा लेख निघण्याच्या आठवड्यात वाचावा.

न उचललेला कॉल जातो कुठून

हे एकदा समजलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं, आणि बिलात आलेली अनोळखी ओळही कळते. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा न्यू जर्सीतल्या एका क्लिनिकने दुपारी २ वाजता तुमचा नंबर फिरवला. तुम्ही सांगलीत आहात, जानेवारी महिना आहे, इथे रात्रीचे साडेबारा वाजलेत. तुमचा फोन चालू आहे आणि रोमिंगवर इथल्या एखाद्या नेटवर्कला जोडलेला आहे. तुमची अमेरिकन कंपनी आपल्या नोंदी बघते, हा ग्राहक भारतात आहे हे तिला दिसतं आणि ती कॉल भारतात पाठवते. फोन उशाशी वाजतो. तुम्ही गाढ झोपेत. वीस-तीस सेकंदांनी इथलं नेटवर्क ठरल्याप्रमाणे तो कॉल व्हॉइसमेलच्या नंबरकडे वळवतं, आणि तो नंबर अमेरिकेत असतो. म्हणजे क्लिनिकचा कॉल अमेरिकेतून भारतात आला आणि भारतातून पुन्हा अमेरिकेत गेला. ज्या प्लॅनमध्ये रोमिंगचे पैसे मिनिटावर आहेत तिथे याचे दोन आकार (शुल्क) लागू शकतात. एक आलेल्या कॉलचा, दुसरा तुमच्या वतीने भारतातून अमेरिकेला झालेल्या आंतरराष्ट्रीय कॉलचा. तुम्ही फोनला हातही लावलेला नसताना.

आता तोच फोन नीट बंद केलेला किंवा एअरप्लेन मोडवर आहे असं धरू. बंद होताना फोन नेटवर्कला तसं कळवतो. अमेरिकन कंपनीला ग्राहक उपलब्ध नाही असं उत्तर मिळतं आणि ती कॉल तिथल्या तिथे व्हॉइसमेलकडे वळवते. भारताची फेरी होत नाही, रोमिंगचा आकारही लागत नाही.

मधली अवस्था फसवी आहे. फोन चालू आहे पण तुम्ही आंबोली घाटात आहात आणि रेंज गेली. फोनने कुणालाच काही कळवलेलं नाही, त्यामुळे नेटवर्क तुम्हाला हजर समजतं, कॉल भारतापर्यंत येतो आणि मग परत जातो. रेंज नसली की पैसे लागत नाहीत, हा समज म्हणूनच धोक्याचा.

नव्या प्रकारच्या फोरजी रोमिंगमध्ये, जिथे कॉलची सूत्रं मूळ कंपनीच्याच हातात राहतात, तिथे हा फेरा टळतो. पण आपला फोन या घटकेला कुठल्या प्रकारच्या रोमिंगवर आहे हे स्क्रीनकडे बघून कळत नाही. माझं मत विचाराल तर पैसे लागतील असं धरून चालावं आणि तसा बंदोबस्त करावा.

निघण्याच्या आठवड्यात

सगळ्यात आधी पिन. अमेरिकेत असताना १ चा आकडा दाबून धरला की व्हॉइसमेल थेट उघडतो, कारण कॉल तुमच्याच फोनवरून आलाय हे यंत्रणा ओळखते. बाहेरच्या देशातून कॉल गेला की ही ओळख बऱ्याचदा पोचत नाही आणि यंत्रणा पिन मागते. ज्याने कधी पिन ठेवलाच नाही किंवा पाच वर्षांपूर्वी ठेवून विसरला, तो तिथेच अडतो. आयफोनवर सेटिंग्जमध्ये फोन या भागात व्हॉइसमेलचा पासवर्ड बदलायची सोय आहे (नव्या आवृत्त्यांत आधी ॲप्समध्ये जावं लागतं). अँड्रॉइडवर फोनच्या ॲपमधल्या सेटिंग्जमध्ये व्हॉइसमेल शोधा. काहीच सापडलं नाही तर १ दाबून धरा आणि आतल्या मेन्यूतून पिन बदला. नंबरचे शेवटचे चार आकडे, जन्मसाल, १२३४ असलं काही नको. का, ते पुढे येईलच.

पिन बदलून थांबू नका, तो चालतो का ते बघा. आपला फोन एअरप्लेन मोडवर टाका, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या फोनवरून आपला दहा आकडी नंबर लावा. तुमचं ग्रीटिंग ऐकू येऊ लागलं की एटी अँड टी आणि टी-मोबाइलवर स्टार दाबायचा, व्हेरायझनवर हॅश. मग पिन. व्हेरायझनवर पिननंतर पुन्हा हॅश. निरोप ऐकू आले की निम्मं काम झालं. इतर छोट्या कंपन्या यांच्याच नेटवर्कवर चालत असल्या तरी बटण वेगळं असू शकतं, म्हणून ही चाचणी घरीच करून बटण कोणतं ते लिहून ठेवा.

पेटी रिकामी करा. जुने निरोप साठून पेटी भरली की फोन करणाऱ्याला ती भरल्याचं सांगितलं जातं आणि निरोप ठेवताच येत नाही. जपून ठेवायचा निरोप असेल तर आयफोनवर शेअरचं बटण दाबून तो फाइल म्हणून साठवता येतो. पेटीतल्या निरोपांना मुदतही असते. काही आठवड्यांनी ते आपोआप पुसले जातात, त्यामुळे घरी गेल्यावर निवांत ऐकू असं म्हणून चालत नाही. व्हिसा स्टॅम्पिंगसाठी मुंबईला बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये येणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. पासपोर्ट परत मिळायला उशीर झाला तर दोन आठवड्यांचा मुक्काम दोन महिन्यांवर जातो, आणि नेमका त्याच काळात वकिलाचा किंवा कंपनीच्या एचआरचा फोन महत्त्वाचा असतो.

ग्रीटिंग बदला. नाव सांगा, निरोपासोबत ईमेलही करा असं सांगा, उत्तर द्यायला एखादा दिवस लागेल असं सांगा. पुण्याला गेलोय, अमुक तारखेला परत येईन, हे मात्र सांगू नका. घर रिकामं असल्याची ती जाहिरात ठरते.

पुढची पायरी वायफाय कॉलिंगची. सेटिंग्जमध्ये ते चालू करा. चालू करताना अमेरिकेतला आपत्कालीन पत्ता मागितला जातो, कारण वायफायवरून कुणी ९११ लावला तर मदत कुठे पाठवायची हे कंपनीला माहीत हवं. हे सगळं अमेरिकेतच उरका. बाहेर गेल्यावर पहिल्यांदाच चालू करायला गेलं तर बऱ्याचदा जमत नाही. आणि कंपनीला सरळ विचारा: भारतात वायफाय कॉलिंग चालतं का? काही कंपन्या काही देशांत ते बंद ठेवतात. उत्तर लेखी चॅटवर घ्या, म्हणजे पुढे बिलावरून वाद झाला तर दाखवता येतं.

वळवण्याचे कोड, स्क्रीनशॉटसकट

टी-मोबाइल, एटी अँड टी आणि जगभरातल्या बहुतेक कंपन्यांचे फोन ठरावीक कोड ओळखतात. कॉल लावतो तसाच कोड टाइप करून हिरवं बटण दाबायचं.

*#६१# टाकलं की फोन उचलला नाही तर कॉल कुठे जातो ते दिसतं.
*#६२# टाकलं की फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर कुठे जातो ते दिसतं.
*#६७# टाकलं की तुम्ही दुसऱ्या कॉलवर असताना कुठे जातो ते दिसतं.

पडद्यावर एक नंबर येईल, बहुतेक वेळा तिन्हींत एकच. तो तुमचा स्वतःचा नंबर नसून कंपनीच्या व्हॉइसमेल यंत्रणेचा नंबर असतो. तिन्हींचे स्क्रीनशॉट घ्या. हा नंबर +१ लावून व्हॉइसमेल नावाने कॉन्टॅक्टमध्ये साठवा. परदेशातून हा सरळ लावता येतो, मग यंत्रणा तुमचा मोबाइल नंबर आणि पिन विचारते. नंबर साठवतानाच त्यापुढे स्वल्पविराम टाकता येतो, म्हणजे फोन एक-दोन सेकंद थांबून पुढचे आकडे आपोआप पाठवतो. आयफोनवर कीपॅडवर स्टार दाबून धरला की तो उमटतो. आपला नंबर त्यापुढे खुशाल ठेवा. पिन मात्र तिथे साठवू नका.

रोमिंग मिनिटावर असेल आणि दुहेरी आकार टाळायचा असेल, तर उड्डाणाआधी ##६१# आणि ##६७# टाकून ते दोन मार्ग काढून टाकता येतात. ६२ चा ठेवायचा. मग फोन नीट बंद असेल तेव्हा निरोप अमेरिकेतच नोंदला जाईल. फोन चालू असून तुम्ही उचलला नाही तर तो वाजून थांबेल आणि मिस्ड कॉल दिसेल. काही कंपन्या हे कोड आले की मार्ग काढून टाकण्याऐवजी मूळ व्हॉइसमेलवरच आणून ठेवतात, आणि काही प्रीपेड प्लॅनमध्ये हे बदल करूच देत नाहीत. म्हणून कोड टाकल्यावर *#६१# ने पुन्हा खात्री करा. व्हेरायझनची घडण वेगळी आहे. तिथे *७१ आणि पुढे दहा आकडी नंबर लावला की न उचललेले कॉल त्या नंबरवर वळतात, *७३ ने ते रद्द होतं.

गूगल व्हॉइसचा आडमार्ग

मला विचाराल तर महिनाभर किंवा जास्त राहणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात निर्धास्त उपाय. गूगल व्हॉइसवर अमेरिकन नंबर फुकट मिळतो, पण तो घेताना हातात चालू अमेरिकन नंबर लागतो, म्हणून हेही निघण्याआधी. मग आपल्या मोबाइलचे न उचललेले कॉल त्या नंबरकडे वळवायचे. कोड असा: *००४*१ आणि लगेच गूगल व्हॉइसचा दहा आकडी नंबर, शेवटी #. यात तिन्ही मार्ग एका झटक्यात बदलतात. व्हेरायझनवाल्यांनी वर सांगितलेला *७१ वापरायचा.

आता निरोप गूगलकडे जातात. ॲपमध्ये ऐकता येतात, ईमेलवर लेखी उतारा येतो, आणि यासाठी अमेरिकन सिम फोनमध्ये असण्याचीही गरज नाही. सासरच्या घरातल्या वायफायवर, चुलतभावाच्या लॅपटॉपवर, कुठेही. निरोप तीन मिनिटांपर्यंतचा असू शकतो. इंग्रजी उतारा कामापुरता बरा असतो. मराठीत ठेवलेल्या निरोपाचा उतारा मात्र अर्थहीन इंग्रजी शब्दांची माळ होऊन येतो, तो ऐकायलाच हवा. औषधाचं नाव, तारीख, कॉलबॅकचा नंबर या गोष्टी इंग्रजी निरोपातसुद्धा ऐकून पडताळा.

एक लक्षात असू द्या. फोन रोमिंगवर चालू असेल तर वळवलेला कॉल इथेही आधी भारतात येऊन मग जाणार. म्हणून गूगल व्हॉइस लावला तरी अमेरिकन लाइन बंद ठेवलेलीच बरी.

इथे पोचल्यावर

सगळ्यात स्वस्त आणि सोपा रस्ता वायफाय कॉलिंगचा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त वायफाय चालू करा. वर पट्टीत कंपनीच्या नावापुढे वायफाय किंवा वायफाय कॉलिंग असं दिसलं पाहिजे. ते दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर कॉल रोमिंगवरून जाईल. दिसलं की १ दाबून धरा. मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या नेहमीच्या प्लॅनवर वायफायवरून अमेरिकन नंबरला केलेला कॉल घरून केल्यासारखाच धरतात. एअरप्लेन मोडमुळे फोन चुकून इथल्या टॉवरला जोडला जात नाही, आणि वायफायवर असेपर्यंत तिकडून आलेला कॉलही वाजतो.

नाव दिसत नसेल तर दोष बऱ्याचदा घरच्या राउटरचा असतो. वायफाय कॉलिंग यूडीपीच्या (इंटरनेटवर माहिती पाठवायची एक पद्धत) ५०० आणि ४५०० या पोर्टवरून, म्हणजे ठरावीक वाटांनी, जातं, आणि काही राउटर किंवा सोसायटीची सामायिक ब्रॉडबँड जोडणी ती अडवते. सेटिंग्ज खोदत बसण्यापेक्षा कुणाच्या तरी इथल्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेऊन बघा. तिथे चाललं तर कारण सापडलं.

फोनमध्ये दोन लाइन असतील तर आणखी सोय आहे. इथलं सिम किंवा ई-सिम डेटासाठी ठेवायचं, अमेरिकन लाइन तशीच चालू, तिचं डेटा रोमिंग बंद. नव्या आयफोन आणि पिक्सेलमध्ये दुसऱ्या सिमच्या डेटावरून अमेरिकन लाइनचं वायफाय कॉलिंग चालू शकतं, म्हणजे वायफाय नसलेल्या गावातही. मात्र अमेरिकन लाइन रोमिंगवर नोंदली गेली तर वर सांगितलेला फेरा पुन्हा सुरू होतो, हे विसरू नका. आणि २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा खाचाच नाही. नाक्यावरच्या दुकानातून आणलेलं प्लास्टिकचं सिम त्यात जाणार नाही, ई-सिमच मागावं लागेल.

वायफाय कॉलिंग चालतच नसेल तर दुसऱ्याच्या फोनवरून. यातली एक अडचण अनेकांना गोंधळात टाकते. तुम्ही वडिलांच्या फोनवरून आपला अमेरिकन नंबर लावता, आणि तुमचा फोन तुमच्याच खिशात वाजायला लागतो. साहजिकच आहे, तो रोमिंगवर चालू आहे. आधी तो पूर्ण बंद करा, वाय-फायही नको, मिनिटभर थांबा, मग लावा. मोबाइलवर + साठी शून्य दाबून धरायचं, पुढे १ आणि दहा आकडे. लँडलाइनवरून ००१ आणि दहा आकडे. ग्रीटिंग सुरू झालं की घरी सराव केलेलं बटण आणि पिन. वडिलांच्या सिमवर आयएसडी सुरू आहे का आणि बॅलन्स किती, हे आधी बघा. निरोप ऐकताना कॉल मध्येच तुटला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

व्हॉट्सॲपवरून हे होत नाही, तिथून साधा फोन नंबर लावता येत नाही. जुन्या लेखांत स्काइपने लावा असं सांगितलेलं आढळेल, पण मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ रोजी स्काइप बंद केलं. आता व्हायबर आउटसारखं पैसे भरून साध्या नंबरला कॉल लावता येणारं ॲप हाताशी ठेवा, आणि ते बटणांचे आवाज नीट पाठवतं का हेही घरीच तपासा. पिन बरोबर असून यंत्रणा चुकीचा म्हणत असेल तर बहुधा आकड्यांचे आवाज तुटक पोचत आहेत. प्रत्येक आकडा सावकाश, वेगवेगळा दाबा.

शेवटचा पर्याय रोमिंगवरून सरळ कॉल करण्याचा. टी-मोबाइलच्या बऱ्याच प्लॅनमध्ये परदेशातून कॉलला मिनिटाला २५ सेंट पडतात, दोन-तीन निरोप ऐकायला हरकत नाही. एटी अँड टी आणि व्हेरायझनमध्ये दिवसाच्या पासचे साधारण १२ डॉलर लागतात. तो पास लागणारच असेल तर साठलेली कामं त्याच दिवशी उरका: निरोप ऐका, परत फोन करा, बँकेचं कामही तेव्हाच. दर बदलत राहतात, निघण्याआधी आपल्या खात्यात बघून घ्या.

यादीत दिसणारा व्हॉइसमेल

२००७ मध्ये पहिला आयफोन एटी अँड टीवर आला तेव्हापासून निरोप यादीत बघून हवा तो ऐकायची सोय आहे. अमेरिकेत आपण तीच वापरतो, म्हणून इथे ती गप्प झाली की निरोपच आले नाहीत असं वाटतं. ही यादी कंपनीच्या डेटावरून भरते. अमेरिकन लाइनचं डेटा रोमिंग बंद असेल तर नवे निरोप उतरत नाहीत, काही कंपन्यांत नुसत्या वायफायवरही उतरत नाहीत. रिकामी यादी म्हणजे रिकामी पेटी नव्हे. दोन-तीन दिवसांतून एकदा वरच्या रस्त्याने आत शिरून ऐकाच.

परत फोन करायची वेळ

न्यू यॉर्क-न्यू जर्सीची सकाळ ९ म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. कॅलिफोर्नियाचे ९ म्हणजे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा. पूर्व किनाऱ्यावरच्या क्लिनिकला जेवणाआधी फोन करून मोकळं व्हा, पश्चिमेकडच्यांना थोडं जागावं लागेल. ८०० चे टोल-फ्री नंबर भारतीय सिमवरून लागतीलच असं नाही. वायफाय कॉलिंगवरून सहसा लागतात. बँकेच्या कार्डामागे परदेशातून लावायचा वेगळा नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

पिनबद्दल इतका आग्रह का

ब्रिटनमध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड या वृत्तपत्राची माणसं लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकत होती. कधीच न बदललेले मूळ पिन हे त्यांचं एक मुख्य हत्यार होतं. ते प्रकरण इतकं पेटलं की जुलै २०११ मध्ये ते वृत्तपत्र बंद पडलं. त्यात नामवंतांचे फोन होते, आपल्याला काय, असं वाटेल. पण पुढे चोरांनी त्याचा साधा उपयोग शोधला. तुमच्या नंबरने व्हॉट्सॲप आपल्या फोनवर सुरू करायचा प्रयत्न करायचा, कोड मेसेजऐवजी फोन कॉलने मागवायचा, तेही तुम्ही झोपलेले असताना. तुम्ही उचलत नाही, यंत्रणेचा आवाज तो कोड तुमच्या व्हॉइसमेलवर बोलून ठेवतो, आणि चोर तुमच्या नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून तो ऐकतो. इस्राएलच्या राष्ट्रीय सायबर यंत्रणेने २०१८ मध्ये याच प्रकाराबद्दल नागरिकांना सावध केलं होतं.

भारतात आलेला अमेरिकन नंबर यासाठी सोपं सावज आहे. अमेरिकेच्या कामाच्या वेळात तुम्ही झोपलेले, आणि विमानात पंधरा-सोळा तास फोन बंद. म्हणून कुणालाही अंदाज येणार नाही असा पिन ठेवा आणि व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. बँकेच्या किंवा इमिग्रेशनच्या नावाने निरोप आला आणि त्यात लगेच फोन करायला नंबर दिला असेल तर तो लावू नका. कार्डावरचा किंवा तुमच्या कागदपत्रांवरचा नंबर लावा.

लंडन, युरोप आणि उलट प्रवास

ब्रिटनहून येणाऱ्यांसाठी तत्त्व तेच, फक्त छोट्या नंबरांवर विसंबू नका. व्होडाफोन यूकेचा व्हॉइसमेल १२१ वर आहे, आणि भारतात १२१ हा एअरटेलच्या ग्राहक सेवेचा नंबर आहे. त्यामुळे बाहेरून लावायचा +४४ ने सुरू होणारा पूर्ण नंबर साठवून आणा. युरोपीय संघात १ जुलै २०१० पासून रोमिंगवर असताना निरोप पेटीत पडण्याचे पैसे लावायला बंदी आहे. पण तो नियम संघातल्या प्रवासाचा आहे, भारतात आल्यावर तो लागू होईल असं धरू नका.

उलट प्रवास आई-वडिलांचा. ते भारतीय सिम घेऊन तुमच्याकडे येतात तेव्हा त्यांना व्हॉइसमेल नसतोच, त्यांना हवे असतात ते बँकेचे ओटीपी. त्यांच्या सिमवर रोमिंग पॅक निघण्याआधी टाकून घ्या आणि कुणी अनोळखी माणसाने सांगितलेला कोड टाइप करू नका असं निक्षून सांगा. भारतात *४०१# आणि पुढे नंबर लावायला लावून लोकांचे कॉल चोरांकडे वळवले जात होते. म्हणूनच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून त्या पद्धतीची कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं. कॉल कुठे वळतोय अशी शंका आली तर *#२१# टाकून बघता येतं.

परत गेल्यावर

अमेरिकेत उतरलात की पहिल्याच दिवशी वळवलेले मार्ग पूर्ववत करा. गूगल व्हॉइससाठी *००४* वापरला असेल तर ##००४# टाका, व्हेरायझनवर *७३. मग *#६१#, *#६२# आणि *#६७# टाकून आलेला नंबर निघण्याआधीच्या स्क्रीनशॉटशी ताडून बघा. एखादा मार्ग रिकामा दिसला तर जुना नंबर परत भरायचा: **६१*, मग +१ सकट व्हॉइसमेलचा नंबर, मग *११*२०#. यातले ११ म्हणजे साधे व्हॉइस कॉल आणि २० म्हणजे किती सेकंद वाजू द्यायचं. ती संख्या ५ ते ३० पर्यंत पाचाच्या पटीत ठेवता येते. जिन्यावरून धावत येऊन फोन उचलणारं कुणी घरात असेल तर ३० ठेवा.

ग्रीटिंग पूर्वीचं करा. बिल आलं की रोमिंगची पानं उघडा आणि एकाच मिनिटाला एक आलेला आणि एक गेलेला कॉल अशी जोडी दिसते का बघा. दिसली तर तो न उचललेल्या कॉलचा दुहेरी आकार आहे. कंपनीच्या चॅटवर त्या दोन ओळींची वेळ देऊन आकार परत मागा, आणि निघण्याआधी घेतलेलं लेखी उत्तर सोबत जोडा.